मग्रिबपर्यंत हवी असेल तर सांगा

अन्याय लव्हीनावर झाला. कधी झाला तेही सांगते, म्हणजे नंतर कोणी वेळ काढायला नको. एका गुरुवारी संध्याकाळी मस्कतमधल्या रुवीत मग्रिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, बांग झाली होती आणि दूर नैऋत्येला सलालाहमध्ये व्हायची होती, तेवढ्या वेळात झाला. करणारा माणूस आपल्या सगळ्यांचा लाडका. आणि हेही आत्ताच सांगून टाकते, की मी लव्हीनावर जळते. तेव्हाही जळत होते. जळणाऱ्याने न्याय मागू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

माणूस म्हणजे आपले अंकल. मंडळाच्या नव्या सभासदांनी त्यांना बघितलेलं नाही, म्हणून ओळख करून देते. मूळचे वसईचे. अल् खुवैरच्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. राहायला रुवीत, बायकोसह, दोन खोल्यांत. खिडकी थेट मशिदीच्या मिनाराकडे उघडायची. आणि शुक्रवारी आपल्या टेनिस बॉल क्रिकेट लीगचे रजिस्ट्रार. सकाळची मिस्सा आटोपून ते चर्चच्या कपड्यांतच मैदानावर यायचे, गाडीची डिकी उघडायचे, डिकीत फाइल, फाइलशेजारी सुलेमानी चहाचा थर्मास, आणि मैदानाकडे पाठ करून बसायचे. विकेट पडली की ओरड्यावरून त्यांना कळायचं. कोणी विचारलं, "अंकल, बघत का नाही?" तर म्हणायचे, "जिंकलं कोण ते तुम्ही बघा. संघातून बाहेर कोण पडला आणि कसा पडला, ते मी बघतो."

क्रिकेट त्यांना कळायचं नाही असं नाही, त्यात त्यांचं मन नव्हतं. मन होतं बेसबॉलमध्ये, आणि बेसबॉलच्याही खेळात नाही, कायद्यात. तरुणपणी ते वाळवंटातल्या ड्रिलिंग कॅम्पवर होते. मेसमध्ये अमेरिकन सुपरवायझर लोक बेसबॉल लावून बसायचे. "गेम मला आजपर्यंत कळला नाही," अंकल सांगायचे. "एक जण मारतो, बाकीचे थुंकतात, मग जाहिरात. पण गेमच्या आधी एक माणूस बातम्या वाचायचा ना, कोणाला वरून खाली पाठवला, कोणाला बाजूला काढला, कोणी उचलला, त्यात जीव अडकायचा बघ. आपल्याकडे माणूस काढला की खलास. त्यांच्याकडे काढलेल्या माणसाचं काय करायचं त्याला पण कायदा."

तो कायदा त्यांनी आपल्या लीगला लावला. बॅट चपटी, चेंडू पिवळा आणि नियम अमेरिकेचे. नव्या पोरांना ते डिकीत बसूनच शिकवायचे आणि मीही तिथेच शिकले.

"ऐक पोरी. यादी भरलेली असते. नवा घ्यायचा तर जुन्यातला एक बाजूला काढायला लागतो. त्याला म्हणायचं डेझिग्नेट. तो यादीत नाही, पण अजून तुझाच आहे. आता आठवड्याच्या आत त्याचं काय ते कर. दुसऱ्या संघाशी अदलाबदल कर, नाहीतर वेव्हरवर घाल."

"वेव्हर म्हणजे?"

"वेव्हर म्हणजे सगळ्यांना विचारणं. आम्हाला हा नको, तुम्हाला हवा का? ज्याला हवा त्याने क्लेम टाकायचा. दोघांनी टाकला तर पॉइंट्सच्या टेबलात जो खाली, त्याचा मान पहिला. गरिबाला आधी वाढायचं."

"आणि कोणालाच नको असेल तर?"

"मग राखीव यादीत. पण परत दुसऱ्यांदा तेच झालं, तर तो म्हणू शकतो, मी राखीवमध्ये जात नाही, मी मोकळा. मग पाहिजे तिथे जाईल."

क्लेमची मुदत गुरुवारच्या मग्रिबच्या बांगेपर्यंत. घड्याळं मागेपुढे असतात, बांग सगळ्यांना एकदम ऐकू येते, असं अंकलचं म्हणणं. 'हाकलला', 'उडवला', 'काढून टाकला' हे शब्द त्यांच्यासमोर काढायचे नाहीत. एकदा सोहारचा एक पोरगा म्हणाला, "आमच्या विकेटकीपरला डच्चू दिला." अंकलनी त्याला उन्हात उभं करून पूर्ण वाक्य तीनदा म्हणून घेतलं: आम्ही आमच्या विकेटकीपरला डेझिग्नेट केलं आहे.

हे मैदानापुरतं असतं तर मी लिहीत बसले नसते. घरीसुद्धा हाच कायदा. नवा प्रेशर कुकर आला की जुना डेझिग्नेट. तो धुऊन, नवी रिंग घालून दाराबाहेर स्टुलावर ठेवायचा आणि अख्ख्या इमारतीला निरोप द्यायचा. पहिला मान वॉचमनचा, कारण तो टेबलात तळाला. मग तळमजल्यावरचा मल्याळी टेलर, मग वरचे. एकदा टेलरने वॉचमनच्या आधीच इस्त्री उचलून नेली. अंकल दुकानात जाऊन ती परत घेऊन आले, वॉचमनला रीतसर विचारलं, तो म्हणाला "नही चाहिए साब", तेव्हा इस्त्री पुन्हा टेलरकडे पोचती केली. टेलर म्हणाला, "अंकल, आप पागल है." अंकल म्हणाले, "पागल है, लेकिन लाइन में है."

आंटी ह्या सगळ्याला कंटाळलेल्या. माझ्यासमोर एकदा म्हणाल्या, "एक दिवस मलाही ठेवतील स्टुलावर."

अंकलनी चष्मा वर केला. "तुला नाही ठेवता येत. दहा वर्षं खेळलेली आणि पाच वर्षं एकाच संघात असलेली खेळाडू तिच्या परवानगीशिवाय हलवता येत नाही. रूल आहे."

"ऐकलंस?" आंटी मला म्हणाल्या. "ह्याला हे प्रेम म्हणतात."

हा माणूस असा का, ते मला आंटींनीच सांगितलं, अंकल खाली पाव आणायला गेले असताना. कॅम्पच्या आधी ते दुसऱ्या एका अर्बाबकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, होते. तिथलं काम संपलं. अर्बाबने दुसरं काम दिलं नाही आणि एनओसीही दिली नाही. तेव्हा एनओसीशिवाय दुसरीकडे जाता यायचं नाही. "खोलीत बसून होते," आंटी म्हणाल्या. "जेवण मिळत होतं. कोणी वाईट बोलत नव्हतं. फक्त सोडत नव्हते. मला पत्रात लिहायचे, मी इथे आहे पण कोणाला नकोय." एवढं सांगून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

आता लव्हीना. वसईचीच, इथे एका हॉटेलच्या बेकरीत. पहाटे क्रोसाँ लाटायचे आणि शुक्रवारी मैदान. बाउंड्रीवरून तिने फेकलेला चेंडू थेट कीपरच्या हातात, मध्ये टप्पा नाही. बोलणं कमी. चिडणं नाहीच. माझं उलटं. मी कोल्हापुरात विद्यार्थी चळवळीत पत्रकं लिहिली, भिंती रंगवल्या, मग अल् खुवैरला एका कन्सल्टन्सीत ड्रॉइंगला लागले. कॅच माझ्या हातातून सुटतात. तोंडातून मात्र कोणी सुटत नाही. आम्ही दोघी रुवी संघात. नियम असा की यादीत किमान दोन बायका पाहिजेत. एक जागा कप्तानाच्या बायकोची. म्हणजे तिघींतली एक नकोशी झाली तर ती आमच्या दोघींतलीच, हे उघड.

कप्तान म्हणजे खेडचे भाऊ, केटरिंगवाले. हे ते वाचतीलच, वाचू देत. त्या वर्षी नवा स्पॉन्सर आला आणि त्याच्याबरोबर स्पॉन्सरचा जावई आला, यादीत जागा हवी म्हणून. भाऊंनी लव्हीनाला डेझिग्नेट केलं. संघातली सर्वात चांगली फिल्डर. मला ठेवलं. का ठेवलं ते त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं, हसत हसत, हातात समोसा: "तुला काढली तर तू पत्रक काढशील गे बाय. ती बिचारी काय करणारेय?"

त्या मोसमानंतर लव्हीनाचा व्हिसा संपणार होता. ती कायमची वसईला जाणार होती, हे भाऊंना माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. ओव्हनसमोरच्या आठवड्यातून तिला मिळायचा तो एवढाच एक मोकळा दिवस. त्या शुक्रवारांत ती खेळणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

मग क्लेम यायला लागले. अल् खुवैरचा लगेच, मैदानावरच. ते टेबलात पहिले, तरी टाकला. दोन-तीन दिवसांत सोहारचा. सोहारवाले दर शुक्रवारी मस्कतला खेळायला येतात, म्हणजे सोहारकडे गेली तरी तिचं खेळणं चालू. ग्रुपवर तिचं नाव, अंगठे, टाळ्या. मी फोन उलटा करून ठेवायचे आणि परत सुलटा करायचे. मला संघाने ठेवून घेतलं होतं. तिला दोन संघ मागत होते. ह्यातलं कुठलं बरं, ते ज्याला कळत नाही त्याला कधी कोणी मागितलेलं नाही, किंवा रोज मागतात.

गुरुवारी संध्याकाळी मी अंकलच्या घरी गेले. लोकांना सांगितलं, लव्हीनाची बाजू मांडायला जाते. ते खरंच होतं. आणखी कोणी मागितली का हेही बघायचं होतं.

बांग झाली. खिडकीचं तावदान नेहमीसारखं थरथरलं. अंकलनी ती पूर्ण होऊ दिली, मग पेन उचललं. "दोन क्लेम. सोहार खाली आहे. लव्हीना सोहारची. माशाल्ला, पोरगी खेळणार."

तेवढ्यात फोन वाजला. सलालाहच्या कप्तानाचा व्हॉइस मेसेज. ते तिथल्या शाळेत पीटी शिकवतात, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. अंकलनी स्पीकरवर लावला. "अंकल, सलालाहचा क्लेम लिहून घ्या. लव्हीनाबाई आम्हाला पाहिजे. खरीफच्या पावसात फिरायला आल्या होत्या तेव्हा पोरांसोबत खेळल्या, तो थ्रो आम्ही विसरलो नाही. डोंगरात होतो, रेंज नव्हती, आत्ता आली. मुदतीत आहे ना? इकडे अजून..." आणि मास्तरांच्या बोलण्यामागे बांग सुरू झाली. सलालाहची. मेसेज तिथे संपला.

अंकलनी पेन खाली ठेवलं. मी बोलले.

"उशीर झाला. रुवीची बांग होऊन गेली."

"त्यांची नव्हती झाली."

"रजिस्टर रुवीत आहे!"

"नियमात रुवी लिहिलंय?"

"तुम्हीच लिहिलाय ना नियम? तुमच्या मनात काय होतं?"

"माझ्या मनात ही खिडकी होती," अंकल म्हणाले. "पण मास्तरला माझं मन कसं दिसणार? त्याला लिहिलेलं दिसलं. तो लिहिलेल्याप्रमाणे मुदतीत आहे."

सलालाह टेबलात सर्वांत तळाला. पहिला मान त्यांचा. त्यांचे बरेचसे सामने तिथेच, आपसात आणि पाहुण्यांशी. लीगचे मोजके, मोठी सुट्टी असली की. आणि सलालाह म्हणजे बसने अख्खा दिवस. शिवाय त्या गुरुवारनंतर याद्या मोसमभर बंद होणार होत्या. सलालाहने तिला परत वेव्हरवर घातली तरी दुसरं कोणी घेऊ शकणार नव्हतं.

"निदान लव्हीनाला विचारा, तिला कुठे जायचंय!"

"वेव्हरवर खेळाडूला विचारत नाहीत पोरी."

"मग हा कायदा गुलामांचा आहे!"

अंकलचा चेहरा उतरला. आंटी दारात येऊन उभ्या राहिल्या. अंकलनी तरी सलालाह लिहिलं आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी नियमात एक ओळ वाढली: मग्रिब म्हणजे खेळाडू जिथे राहतो त्या गावची मग्रिब. पण मागच्या तारखेने लावायला ते तयार झाले नाहीत. कायदा काल चुकीचा होता म्हणून काल नव्हताच असं म्हणता येत नाही, म्हणाले.

मी पत्रक काढलं. ऑफिसच्या प्रिंटरवर, ए-फोर, दोन्ही बाजूंनी. "बांगेच्या आडून खेळाडूंचा व्यापार बंद करा!" शुक्रवारी मैदानावर वाटायला सुरुवात केली. अंकलना तीस वर्षांत इतक्या वेगाने चालताना कोणी बघितलं नव्हतं.

"ह्या देशात कागद वाटतात का? आत टाकतील! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गोळा कर! यल्ला, सगळे गोळा कर!"

सगळ्यांकडून कागद परत घेतले, डिकीत टाकले, डिकी लावली. एक मात्र खिशात घातला, आणि सामना संपेपर्यंत गाडीत बसून वाचला. मग मला बोलावलं.

"चांगलं लिहितेस. पहिला परिच्छेद तर एकदम बरोबर. पण मला एक सांग. तुला तिच्यावर झालेला अन्याय डाचतोय, की तिला तिघांनी मागितली ते?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"मग एकच का लिहिलंस?"

 ह्या प्रश्नाचा राग अजून आहे, म्हणून आज दोन्ही लिहिते आहे.

लव्हीना काय म्हणाली? लव्हीना म्हणाली, "सलालाह? बसने जाते ना." राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत ती रुवीतून बसमध्ये बसली. अंकल आणि आंटी पोचवायला आले होते. आंटींनी डबा दिला. अंकल सामान ठेवायच्या कप्प्याशी उभे राहून ड्रायव्हरला गाडी हळू चालवायला सांगत होते. मी थोडी लांब उभी होते. तिनेच हाक मारली, "अगं ये ना इकडे, फोटो काढू." फोटोत मी आहे. चेहरा बघण्यासारखा आहे.

तिला त्या शेवटच्या मोसमात एकच सामना मिळाला. हा अन्याय आहे, मी शब्द मागे घेणार नाही. त्यानंतर तिला सुट्टी मिळाली नाही आणि मार्चमध्ये ती वसईला गेली.

पण त्या एका सामन्याबद्दल तिने मला फोनवर जे सांगितलं, ते ऐकून मी जेवले नाही. "अगं, अख्खी टीम स्टँडवर आलेली घ्यायला. मास्तरांच्या बायकोने नारळाच्या वड्या केलेल्या. पोरं विचारत होती, ताई, तो थ्रो परत दाखवा. आणि सामना हरलो ना आम्ही, तरी कोणी काही बोललं नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आम्ही तुम्हाला मागून घेतलंय." हे वाक्य तिने हसत सांगितलं. मला ते अजून झोपू देत नाही. मागून घेतलंय! मी त्याच सुट्टीत रुवीच्या संघाबरोबर सीमारेषेवर पाण्याच्या बाटल्या भरत होते. संघाची कॅप माझ्या डोक्यावर होती. जावई शून्यावर आउट झाला. मला त्याही दिवशी खेळवलं नाही.

मी भाऊंना म्हटलं, मला वेव्हरवर घाला.

"का गे? काय कमी आहे? कॅप दिली, किट दिला, खायला घालतो."

"मला बघायचंय कोणाला हवी आहे का."

"आणि कोणाला नको असलीस तर? रडशील. ऱ्हा आमच्यातच."

मग अंकलकडे गेले. म्हटलं, तुम्ही घाला. अंकल म्हणाले, रजिस्ट्रारला तो अधिकार नाही, कप्तानालाच आहे. पण त्यांनी फाइल बंद केली नाही, नियमांचं पान काढलं.  मग म्हणाले, "काढलेल्या माणसासाठी मी एवढे नियम केले. ठेवून घेतलेल्यासाठी एक पण नाही केला. मला तरी सुचायला पाहिजे होतं." आंटींनी सांगितलेली अर्बाबची गोष्ट मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी तो विषय काढला नाही. माझ्यासाठी ते सोपं नाही.

मोसम संपायच्या आत त्यांनी शेवटचा नियम लिहिला. तोही त्यांच्या अमेरिकेत आहेच, थोडा वेगळा: खेळाडूला वरखाली करायच्या संधी कप्तानाला मोजक्याच, त्या संपल्या की सगळ्यांना विचारल्याशिवाय त्याला खाली बसवता येत नाही. आपल्यासाठी अंकलनी तो सोपा केला. ज्याला संघाने मोसमभर यादीत ठेवलं आणि खेळवलं नाही, त्याचं नाव पुढच्या मोसमाच्या आधी इतर तिन्ही संघांसमोर वाचायचं आणि विचारायचं, कोणाला हवा? सभेत मांडला. सभा म्हणाली, पुढच्या सभेत बघू. पुढच्या सभेच्या आधी अंकल निवृत्त होऊन वसईला गेले. जाताना घरातली एकेक वस्तू स्टुलावर आली, मान वॉचमनचा पहिला. टेलर रांगेत उभा होता, गुपचूप.

त्यानंतर काय झालं ते तुम्हीच केलंत. "आपण मजेसाठी खेळतो, एवढे कायदे कशाला" म्हणून वेव्हर बंद. डेझिग्नेट बंद. आता खेळाडू नको झाला की कप्तान त्याला ग्रुपमधून काढतो. एक करडी ओळ येते, अमुक यांना काढण्यात आलं, आणि खाली लगेच कोणीतरी वाढदिवसाचा केक पाठवतो. कोणाला हवा का, असं कोणी विचारत नाही. काढलेला बिचारा घरी बसून स्वतःच ठरवतो, की कोणालाच नको होतो. आणि माझ्यासारख्यांना काढतही नाहीत. अंकलचा कायदा एका गुरुवारी चुकला, लव्हीनाचा मोसम गेला, त्याची भरपाई कोणी केली नाही. पण त्याच कायद्यामुळे तिला कळलं की ती तीन गावांना हवी आहे. चुकणारा कायदा दुरुस्त करता येतो. तुम्ही तो दुरुस्त केला नाहीत, फेकलात.

हे मंडळाच्या दिवाळी अंकात छापून येईल आणि तुम्ही ते फराळ करता करता वाचाल. तर माझी मागणी ऐका. अंकलचा शेवटचा नियम अजून सभेच्या कागदांत पडून आहे. येत्या सभेला या, गाडी पार्क करून आत या, बाहेर चहा पीत उभे राहू नका, आणि तो नियम पुकारला की हात वर करा. वर म्हणजे खांद्याच्या वर. मग त्याच सभेत पहिलं नाव माझं वाचा. अल् खुवैर, सोहार आणि सलालाह, तिघांसमोर, मोठ्याने. मी समोरच्या खुर्चीवर बसलेली असेन. उत्तर यायला वेळ लागला तर माझ्याकडे बघू नका, विषय बदलू नका. थांबा, आणि पुन्हा एकदा विचारा.